कार्बोरेटरची जुनी स्पोर्ट्स कार घाटात बंद पडते? या चुका टाळा

यवतेश्वरचा घाट चढताना जुनी स्पोर्ट्स कार बंद पडली की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. बॉनेट उघडायचं आणि कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायचे. मदतीला थांबलेले लोकही तेच सांगतात, "कार्बोरेटर बघा, कचरा आला असेल." माझ्या मते जुन्या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्यानं होतं. काल नीट चालणाऱ्या गाडीचं मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, आज आपोआप बदलत नाही. बिघडलेलं असतं दुसरंच काहीतरी, आणि स्क्रू फिरवले की एका दोषाचे दोन होतात.

उदाहरणं एमजीबीची देतो. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनली. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, आणि बहुतेक गाड्यांवर एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर. हेराल्ड किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

गाडी कशी बंद पडली, हे न बघणं

ही सगळ्यात मोठी चूक. दोष शोधायची सुरुवात बॉनेट उघडण्याआधी, स्टिअरिंगवरच होते. इंजिन दिव्याचं बटण दाबल्यासारखं एका क्षणात गेलं, तर संशय करंटवर. आचके देत, दम लागल्यासारखं मेलं, तर संशय पेट्रोलवर. आणि चालताना ठीक, पण टोलनाक्यावर थांबल्यावर मेलं, तर आयडलिंग, आत शिरणारी जादा हवा किंवा पॉइंटचा (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांचा) गॅप.

आरपीएमचा काटा इथे फार उपयोगी पडतो. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिन फिरवत असतात. इलेक्ट्रॉनिक मीटरला सिग्नल कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी मोठा व्होल्टेज बनवणाऱ्या भागाच्या, सर्किटमधून मिळतो. इंजिन फिरत असूनही काटा धाडकन शून्यावर आला, तर इग्निशनची स्विच, तिची वायरिंग, पॉइंट किंवा डेल्कोतली (डिस्ट्रिब्यूटरमधली) वायर यांपैकी कुठेतरी करंट तुटतोय. काटा इंजिनाबरोबर हळूहळू उतरला, तर ही बाजू शाबूत आहे असं धरून आधी पेट्रोल बघा. मात्र डेल्कोत प्लगांकडे करंट वाटणारा रोटर जळाला असेल तरी काटा चालूच राहतो, हे लक्षात असू द्या. एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्यांत मीटर केबलवर चालायचं, तिथे ही युक्ती उपयोगाची नाही.

हे बघताना गाडी वळणावर उभी राहणार नाही, याची काळजी आधी घ्या. पुण्याहून येताना खंबाटकीत मागून भरलेले ट्रक येत असतात. वेग आहे तोवर गाडी कडेला घ्या, दोषाचं निदान नंतर.

डेल्को न उघडताच नवे पार्ट टाकणं

डिस्ट्रिब्यूटरचं म्हणजे डेल्कोचं झाकण दोन क्लिपांवर असतं, काढायला मिनिटही लागत नाही. तरी लोक कॉइल बदलतात, प्लग बदलतात, पंपही बदलतात, आणि आत मात्र बघत नाहीत.

आत काय बघायचं? पॉइंटचा गॅप एमजीबीला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागतो. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, तसा गॅप कमी होतो, टायमिंग मागे जातं आणि एक दिवस गाडी आयडलला उभीच राहत नाही. कॅमला बोटभरही नाही, अगदी किंचित ग्रीस लावलं तर ही झीज कमी होते. मग आतली बारीक वायर बघा. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर टायमिंग बदलणाऱ्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समुळे पॉइंटची प्लेट सतत पुढेमागे हलते, तशी ही वायरही हलते, आणि वर्षानुवर्षं वाकून तिच्या आतल्या तारा तुटतात. वरचं कव्हर मात्र धडधाकट दिसतं. रेस दिली की प्लेट सरकते, वायर ताणली जाते आणि इंजिन बंद. हा दोष मला सगळ्यात फसवा वाटतो, कारण उभ्या गाडीत तो सापडत नाही. बोटानं प्लेट हलवून, वायर हलकेच ओढून बघावी लागते. प्लेटला अर्थ देणारी छोटी वेणीदार वायरही तशीच तपासा.

पॉइंटवर ठिणगी उडू न देणाऱ्या कंडेन्सरचं लक्षण वेगळं. गार गाडी छान चालते, पंधरा-वीस मिनिटांनी मिसिंग करते, बंद पडते आणि अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशी सुरू होते. गरम होऊन बसणारी कॉइलही असंच करते. पेट्रोल उकळलं तरी हेच होतं, म्हणून घरी पोचल्यावर तपासण्यात अर्थ नाही. गाडी बंद पडल्या जागी, गरम असतानाच स्पार्क बघा. कॉइलची जाड वायर डेल्कोच्या मध्यातून काढून इन्सुलेशन असलेल्या पक्कडीनं इंजिनाच्या धातूपासून पाचेक मिलिमीटरवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर हे अजिबात करू नका. कडक, निळसर ठिणगी आली तर कॉइल आणि कंडेन्सर ठीक. पिवळट, मरतुकडी आली तर आधी कंडेन्सर बदला. चांगला चालणारा जुना कंडेन्सर आणि रोटर कधी टाकून देऊ नका. नव्या पाकिटातला पार्ट चांगलाच असेल, याची खात्री हल्ली देता येत नाही.

पंपाचा आवाज न ऐकणं

एमजीबीचा इलेक्ट्रिक पंप मागच्या बाजूला, टाकीजवळ असतो. चावी फिरवली की टिकटिक ऐकू येते आणि कार्बोरेटरचे फ्लोट चेंबर भरले की ती थांबते किंवा अगदी विरळ होते. ही टिकटिक खूप काही सांगते. आवाजच नाही, तर पंपाला करंट नाही किंवा त्याचे पॉइंट चिकटलेत. पान्याच्या दांड्यानं हलकी टपली मारून चालू झाला तर घरापर्यंत नेईल, पण पुढच्या प्रवासाआधी त्याचे पॉइंट बघायलाच हवेत. टिकटिक घाईघाईनं चालूच राहिली, तर टाकी रिकामी आहे, पंप मागून हवा ओढतोय किंवा फ्लोटची निडल (चेंबर भरला की पेट्रोल अडवणारी) बसत नाहीये. शेवटच्या कारणात पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन खाली सांडतं. तेव्हा चावी लगेच बंद करा.

टाकीच्या झाकणाकडे कुणी बघतच नाही. ज्या गाड्यांत हवा झाकणातल्या छिद्रातून आत येते, तिथे ते छिद्र बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो. दहा-वीस किलोमीटर गाडी छान चालते, मग पेट्रोल पुढे येईनासं होतं. बंद पडल्यावर झाकण उघडा. फुस्स आवाज होऊन गाडी सुरू झाली, तर दोष सापडला. गंजाचे पापुद्रेही असाच खेळ करतात. चालताना ते पाइपाच्या तोंडाशी ओढले जातात आणि गाडी थांबली की तळाशी बसतात. त्यावर फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते.

एसयूला सोलेक्ससारखं वागवणं

सुरू होताना अ‍ॅक्सिलरेटर चार-पाच वेळा दाबायची सवय अनेकांना असते. पेडल दाबलं की जादा पेट्रोल फवारणारा अ‍ॅक्सिलरेटर पंप एसयूला नाहीच, त्यामुळे त्या दाबण्यानं काहीही होत नाही. गार गाडीला चोक हवा, बस्स. असा पंप असलेल्या सोलेक्स किंवा वेबर कार्बोरेटरवर मात्र हीच सवय गाडी पेट्रोलनं भरून टाकते.

एसयूचा पिस्टन व्हॅक्यूमनं वर उचलला जातो आणि त्याची निडल जेटमधून पेट्रोल मोजून सोडते. पिस्टनवरच्या डॅम्परमध्ये एसएई २० चं ऑइल लागतं. ते संपलं की रेस देताना पिस्टन एकदम उसळतो, मिक्श्चर पातळ होतं (पेट्रोल कमी पडतं) आणि गाडी अडखळते. इंजिन बंद असताना पिस्टन उचलून सोडा. 'टक' असा स्पष्ट आवाज करत खाली बसला पाहिजे. अडकला तर आतला भाग स्वच्छ करा, पण पॉलिश पेपर लावू नका.

थ्रॉटलचा दांडा झिजला की त्याच्या दोन्ही टोकांतून हवा शिरते आणि आयडल टिकत नाही. हे तपासायला कार्बोरेटर क्लीनर फवारतात. एमजीबीत कार्बोरेटर एक्झॉस्टच्या बरोबर वर असल्यानं मी ते करू देत नाही. बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच आहे.

मिक्श्चरला हात लावायचाच असेल, तर टॅपेट (वाल्वचा गॅप), पॉइंट आणि टायमिंग झाल्यावर. चालू, गरम इंजिनावर पिस्टन साधारण एक मिलिमीटर उचला. आरपीएम क्षणभर वाढून स्थिरावले तर बरोबर, वाढतच राहिले तर पेट्रोल जास्त, इंजिन मरायला लागलं तर कमी. एसयूच्या एचएस प्रकारच्या कार्बोरेटरमध्ये खालचा नट वर नेला की मिक्श्चर पातळ होतं, खाली आणला की जाड. नट एका वेळी त्याच्या एका बाजूएवढाच फिरवा, आणि दोन्ही कार्बोरेटरना सारखाच.

घाटातल्या विरळ हवेला दोष देणं

सातारा सुमारे ७०० मीटरवर, महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर. एवढ्या फरकानं मिक्श्चर किंचितच जाड होतं, त्यानं चांगली गाडी बंद पडत नाही. खरा त्रास उष्णतेचा. पसरणीच्या घाटात दुसऱ्या गिअरवर हळू चढताना बॉनेटखाली हवा फिरत नाही आणि एक्झॉस्टवर बसलेल्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं. सांगली-मिरजेच्या एप्रिलमधल्या उन्हात तर सिग्नलवर थांबूनही हे होतं. कार्बोरेटरमागची हीट शील्ड कुणी काढून ठेवली असेल तर आधी ती परत बसवा. रबरी पाइप एक्झॉस्टपासून दूर बांधा. गाडी बंद पडलीच तर बॉनेट उघडून थांबा, बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारत बसू नका.

२०२३ पासून टप्प्याटप्प्यानं आलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं यात भर पडली आहे. ते इथेनॉल सातारा-सांगलीतले साखर कारखानेही बनवतात, पण १९६०-७० च्या रबरासाठी ते बनलेलं नाही. जुने पाइप आतून फुगतात, त्यांचे कण फ्लोटच्या निडलखाली अडकतात. म्हणून इथेनॉल सोसणारे पाइप आणि नवी निडल आधी टाका. या पेट्रोलवर मिक्श्चर थोडं पातळही पडतं, तेव्हा वरची पिस्टनची चाचणी पुन्हा करा.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जूनमध्ये झाकून ठेवलेली गाडी सप्टेंबरमध्ये फुलं बघायला कासला न्यायची असेल, तर निघण्याआधी टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून स्थिर राहू द्या. खाली वेगळा थर दिसला, तर टाकी पूर्ण रिकामी करा. नवं पेट्रोल वर ओतून तो थर जात नाही, आणि पंप नेमका तळातूनच ओढत असतो.