रायफलीचं मॅगझिन हातात घेतलं की आधी ओठ पाहा

पुलगावच्या अलीकडं आमचं गाव. गावातला एक पोट्टा एसआरपीत लागला, सुट्टीत येऊन म्हणे, "काका, रायफल मधेच अडकते." मी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो. म्हटलं, "रायफलीले नावं ठेवू नको बावा, आधी मॅगझिन बदलून पाय." मॅगझिन म्हणजे रायफलीला लागणारी गोळ्यांची डबी. प्रत्येक मॅगझिनवर नंबर टाकायचा, रोक पडली, म्हणजे रायफल अडकली, की कोणत्या नंबरानं पडली ते लिहायचं. दोष कुठं आहे ते आठवड्यात कळतं.

तपासताना रायफल रिकामी, चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी पाहिलेलं. मग मॅगझिनचे वरचे दोन ओठ, म्हणजे आत वळलेल्या कडा पाहा. गोळी चेंबरात ढकलतो तो बोल्ट; त्याच्यासमोर ती किती उंचीवर आणि कोणत्या कोनात येईल, हे तेच ठरवतात.

पोलादी मॅगझिन, म्हणजे एसएलआर, एके वगैरे रायफलींचं, जड पण दणकट. ओठ सहसा वाकत नाहीत. वैरी दोनच: गंज आणि पोचा. आतला फॉलोअर, म्हणजे गोळ्या वर ढकलणारा तुकडा, बोटानं दाबून सोडा. अडखळत वर आला तर पोचा त्याला धरतोय. तेलाचा हात बाहेरून, तोही पुसून. आत तेल ओतलं की आमच्याकडचा उन्हाळ्यातला फुफाटा त्यात बसून चिखल होतो. हे सांगून सांगून माझी नोकरी संपली.

एम-१६ च्या जातीच्या रायफलींना ॲल्युमिनियमचं चालतं. हलकं, पण ओठ फाकतात. पकडीनं सरळ करत बसू नका, तिथंच चीर जाते.

प्लॅस्टिकची गोष्ट निराळी. गंज नाही, पोचा नाही. सहसा शाबूत तरी असतं, नाहीतर तडकलेलं. आपल्या फौजेच्या इन्सास रायफलीच्या वीस गोळ्यांच्या मॅगझिनमधून आतल्या गोळ्या दिसतात, ही सोय खरी. पण १९९९ साली कारगिलच्या थंडीत ती तडकल्याच्या तक्रारी झाल्या. आपल्याकडं उलटं: मे महिन्यात भरलेलं मॅगझिन पत्र्याच्या पेटीत उन्हात ठेवलं, तर प्लॅस्टिकचे ओठ हळूहळू फाकू शकतात. शिवाय मजबुतीसाठी भिंती जाड असतात, म्हणून काही रायफलीत ते घट्ट बसतं. रिकामं लावून कॅच, म्हणजे मॅगझिन सोडायची कळ, दाबा. ज्या रायफलीत मॅगझिन आपल्या वजनानं खाली येतं, तिथं ते अडकलं, तर माप जुळत नाही. एकेत मात्र ते पुढं झुलवूनच काढावं लागतं. तिथं मॅगझिनच्या पुढच्या-मागच्या अडकवायच्या नाकांत पोलाद आहे का पाहा. नसेल तर कडा झिजतात, मॅगझिन हलतं, खाली बसतं आणि बोल्ट गोळीच्या वरून निघून जातो.

पोट्ट्याचा महिन्यानं फोन आला. सात नंबर. ओठाच्या मुळाशी केसाएवढी चीर.

"मग काय केलं त्याचं?"

"जोडीदाराच्या मॅगझिनशी बदलून घेतलं, काका."

"अबे, आधी ते कोतात, हत्यारखान्यात जमा कर!"