मणक्यातील डाग कर्करोगाचाच आहे का, हे कसे तपासावे

कर्करोगाच्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये मणक्यात डाग दिसल्यास प्रथम टी१ चित्र (चरबी उजळ दाखवणारा एमआरआयचा प्रकार) पाहावे. तेथे डाग उजळ असेल, तर त्यात चरबी असून तो बहुधा निरुपद्रवी हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, असतो (रक्तस्राव आणि मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, हे अपवाद लक्षात ठेवावेत). मात्र कमी चरबीचा हिमँजिओमा टी१वर काळसर दिसून हमखास चकवतो. अशा वेळी इन-फेज (पाणी व चरबीचे संकेत एकत्र मिळवणाऱ्या) व आउट-ऑफ-फेज (ते एकमेकांतून वजा करणाऱ्या) चित्रांची तुलना करावी, कारण दुसऱ्यात तीव्रता २० टक्क्यांहून अधिक घटल्यास डाग निरुपद्रवी असण्याची शक्यता वाढते. लगतचे दोन मणके आणि मधली चकती एकत्र बिघडलेली असल्यास, विशेषतः भारतात, क्षयरोगाचा विचार आधी करावा. कर्करोग सहसा चकती सोडून देतो. जुने स्कॅन अवश्य ताडून पाहावेत. तरीही शंका उरल्यास बायोप्सी करावी.