चर्चगेट ते बोरीबंदर: व्हिक्टोरियन मुंबई चालत कशी दाखवावी

माझ्या झोळीत पाण्याची बाटली, दुर्बीण आणि तीन दगड असतात. एक काळा, एक फिकट तपकिरी, एक पिवळा. ओव्हल मैदानाच्या कठड्याशी पोचलो की मी आधी दगड काढते आणि हातोहात फिरवायला देते. काळा दगड हातात घेतला की माणूस दचकतो, कारण दिसतो त्यापेक्षा तो बराच जड असतो. मग सांगते, हा बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचाच पाषाण, समोरचं हायकोर्ट ह्याचं आहे. तपकिरी दगड कुर्ल्याचा, तो राजाबाई टॉवरचा. पिवळा मालाडचा, तो पुढे काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या भिंतीत भेटेल. कुर्ला आणि मालाड म्हणजे लोकलची स्टेशनं एवढंच ठाऊक असलेली माणसं दगडावरून अंगठा फिरवतात आणि पुन्हा वर बघतात. तिथून पुढे त्या इमारती त्यांना परक्या वाटत नाहीत.

फोर्टमध्ये मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीनंतर गेली सहा वर्षं रविवारी सकाळी मराठीतून ही पायी सहल घेते. आपल्या गटासाठी, शाळेसाठी, सोसायटीसाठी अशी सहल कशी घ्यावी असं बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी हद्द ठरवा. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. गेटवे ऑफ इंडिया १९२४ चं, म्हणजे ते ह्यात बसत नाही. जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, १९१३ चं, तेही नाही. एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल १८३३ चा, राणी गादीवर यायच्या चार वर्षं आधीचा. "जुनं ते सगळं व्हिक्टोरियन" असं एकदा तोंडून गेलं की पुढचं सगळं पातळ होतं. जीपीओ वाटेत दिसलंच तर जरूर दाखवा, पण हे नंतरचं आणि वेगळ्या शैलीचं आहे हे सांगून. कमानीच्या आकारावरून आणि घुमटावरून लोकांना फरक स्वतःच ओळखू द्या.

माझा रस्ता चर्चगेटपासून सुरू होतो आणि बोरीबंदरला संपतो, अडीच-तीन किलोमीटर. दोन्ही टोकांना फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा वास्तुविशारद आहे: चर्चगेटसमोरचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालय (१८९९) त्याचं आणि बोरीबंदरचं सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसही त्याचंच. शिवाय पश्चिम आणि मध्य, दोन्ही मार्गांवरच्या लोकांची सोय होते. सव्वासातला जमायचं, साडेसातला निघायचं, पावणेदहाच्या आत संपवायचं. त्यानंतर ऊन चढतं आणि रविवारी मेगाब्लॉकची धावपळ सुरू होते. रविवारच का? एरवी फोर्टात इतकी वर्दळ असते की फुटपाथवर पंधरा माणसं थांबवणं म्हणजे दुसऱ्यांची वाट अडवणं. पंधराच्या वर मी नावं घेत नाही. माइक लावत नाही, त्यामुळे माझा आवाज पंधरा जणांपुरताच पोचतो.

उन्हाचा विचार नीट करा, कारण ओव्हलवरच्या इमारतींची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागून वर येतो. म्हणून ओव्हलचा टप्पा सगळ्यात आधी घ्या, तेव्हा सूर्य इमारतींच्या आडच असतो आणि डोळ्यांवर येत नाही. नऊ वाजता तिथे गेलात तर सगळे कपाळावर हात धरून उभे राहतील आणि कुणाला काही दिसणार नाही. ज्यांना फोटोच काढायचे आहेत त्यांच्यासाठी मी थंडीत शनिवारी साडेचारची वेगळी फेरी ठेवते, तेव्हा पश्चिमेचं ऊन थेट दगडावर पडतं आणि नक्षीची प्रत्येक कड उठून दिसते. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात फक्त दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या कमानींखालून फिरवते. त्या कमानी पायी चालणाऱ्यांना ऊन-पाऊस लागू नये म्हणूनच आहेत, आणि हे पटवायला मुसळधार पावसासारखा दिवस नाही.

आता मुख्य गोष्ट. उभं राहिल्या जागेवरून जे दिसतं, तेवढंच सांगा. हा नियम मी चुकांमधून शिकले. सुरुवातीला मी हायकोर्टासमोर उभी राहून आतल्या खांबावरच्या माकडाची गोष्ट रंगवून सांगायचे. एका डोळ्यावर पट्टी, हातात न्यायाचा तराजू. खटला हरलेल्या कंत्राटदाराने म्हणे सूड म्हणून ते कोरून घेतलं. लोक हसायचे, मलाही बरं वाटायचं. एकदा गटात एक निवृत्त वकील होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "ताई, कंत्राटदाराच्या गोष्टीला आधार काय?" आधार नव्हता. आणि ते माकड बाहेरून दिसतही नाही. म्हणजे जी गोष्ट मला सिद्ध करता येत नव्हती, ती मी न दिसणाऱ्या वस्तूबद्दल सांगत होते, आणि समोर इमारतीच्या माथ्यावर उभ्या असलेल्या न्याय आणि दया ह्या दोन मूर्तींकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. आता मी त्या मूर्तींपासून सुरुवात करते. दंतकथा कुणी काढलीच तर "असं सांगतात" एवढे दोन शब्द आधी जोडते. राजाबाई टॉवर जिच्या नावाचा, त्या राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवता यावं म्हणून मुलाने घंटेचा मनोरा बांधला, ही गोष्टही त्याच दोन शब्दांनंतर सांगायची.

आणि राजाबाई टॉवरची पक्की गोष्ट काही कमी नाट्यमय नाही. ती सांगायची माझी पद्धत अशी: आधी लोकांना पाठमोरं करून पश्चिमेकडे बघायला लावते. समोर आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग, मरीन ड्राइव्हकडे जाणारे रस्ते. मग म्हणते, हे सगळं पुसून टाका. विसाव्या शतकात भराव घालण्याआधी इकडे समुद्र होता आणि ह्या इमारती समुद्राकडे बघत उभ्या होत्या. आता वळा. तुम्ही बोटीतून येताय आणि किनाऱ्यावर हे दिसतंय. मनोरा २८० फूट उंच.

मग पैशाची बाजू. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद ह्या सट्ट्यातल्या राजाने विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख आणि आईच्या नावाने मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. युद्ध संपलं, १८६५ मध्ये भाव कोसळले आणि तो स्वतः बुडाला. मनोरा मात्र १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी, १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, किल्ल्याचे तट पाडले गेले आणि बांधायला मोकळी जागा मिळाली. जागा, पैसा आणि दगड, तिन्ही एकाच वेळी हाताशी आले, म्हणून ही रांग उभी राहिली. एवढं ओव्हलवर समजलं की पुढे प्रत्येक इमारतीपाशी इतिहास नव्याने सांगावा लागत नाही.

एक सूचना: दर पाव तासाला घड्याळाचे टोले पडतात. तेव्हा बोलणं थांबवा. मी वेळ अशी साधते की आठला आम्ही मनोऱ्यासमोर असतो. आठ टोले संपेपर्यंत कुणी हलत नाही.

विद्यापीठाच्या किंवा कोर्टाच्या आत न्यायचं असेल तर आधी लेखी परवानगी काढा. नाहीतर रस्त्यावरूनच दाखवा. कोर्टाच्या फाटकाशी घोळका करू नका, रस्त्यापलीकडे कठड्यालगत उभे राहा. रविवारी ओव्हलवर क्रिकेटचे सामने असतात, मधल्या वाटेनेच चाला आणि चेंडूवर एक डोळा ठेवा.

थांबे सहाच ठेवा. पश्चिम रेल्वेचं मुख्यालय, हायकोर्ट, विद्यापीठ, काळा घोडा, हुतात्मा चौक, सीएसएमटी. मी पहिल्या वर्षी चौदा थांबे घेत असे आणि शेवटच्या तीन थांब्यांना लोक नुसते माना डोलवायचे. प्रत्येक ठिकाणी एक मिनिट काही न बोलता बघू द्या, मग विचारा: काय दिसलं? उत्तरांतूनच पुढचं सांगायचं. "वर बाई आहे, तिच्या हातात काहीतरी आहे" असं कुणीतरी म्हणतंच. मग दुर्बीण त्याच्या हातात द्यायची.

शब्द मराठीच वापरा. टोकदार कमान, सज्जा, कोनाडा, जाळी, पन्हळ. गार्गॉयल हा शब्द जरूर सांगा, पण आधी सांगा की ही प्राण्याच्या तोंडाची पन्हळ आहे, छपरावरचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला. आपल्या देवळांतलं गोमुख आठवलं की समजवायला काही उरत नाही.

काळा घोड्याशी एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून इथे आणून जोडला, १८६० च्या दशकाच्या अखेरीस. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं भारतात प्रथम इथे दाखवली गेली. इमारतीची दशा बघवत नाही. गटाला सज्जांखाली कधीच उभं करू नका, समोरच्या बाजूला ठेवा. इथे मी फार बोलत नाही. १८९६ मधल्या त्या संध्याकाळबद्दल चार वाक्यं आणि मग शांतता, लोकांना ते लोखंड बघू द्यायचं.

हुतात्मा चौकात मात्र थांबायलाच हवं. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, फुलांच्या रोमन देवतेचं. आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे गोळीबार झाला. गटात बहुतेक वेळा एखादे आजोबा असतात, ज्यांच्या घरी त्या दिवसाच्या आठवणी आहेत. त्यांना बोलू द्या. व्हिक्टोरियन वास्तू दाखवताना इथे राहिलेल्या, लढलेल्या माणसांना बाजूला ठेवून चालत नाही.

हे मला खऱ्या अर्थाने शिकवलं ते सातवीतल्या एका मुलीने. सीएसएमटीसमोर मी स्टीव्हन्सचं कौतुक करत होते: १८७८ ला काम सुरू, दहा वर्षं बांधकाम, २००४ मध्ये जागतिक वारसा. ती म्हणाली, "पण कोरलं कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन महिने मी ग्रंथालयात बसले. स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक अभियंता होते. सजावटीच्या कोरीवकामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. आणि राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे जे पुतळे आहेत, ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र ह्या अभियंत्याने. ही नावं आता मी स्टीव्हन्सच्या आधी घेते. पुतळ्यांच्या पगड्या बघायला दुर्बीण फिरते, तेव्हा लोक त्या ओळखू लागतात, आणि आपली माणसं त्या उंचीवर आपल्याच माणसाने बसवली हे कळल्यावर दुर्बीण लवकर पुढे सरकत नाही.

पैशाचं थोडक्यात. माणशी ४०० रुपये घेते, विद्यार्थ्यांकडून काही नाही. आगाऊ घ्या, नाहीतर वीस नावं येतात आणि सात माणसं येतात. निघण्याआधी सगळ्यांना चर्चगेट स्टेशनातल्या स्वच्छतागृहात जाऊन यायला सांगा, पुढे सोय हाताशी नाही. वयस्कर कुणी असेल तर काळा घोड्याला दहा मिनिटं बसा. उत्तर येत नसलेला प्रश्न वहीत लिहून घ्या आणि बुधवारच्या आत सगळ्यांना उत्तर कळवा.

शेवट सीएसएमटीसमोर, महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर. घुमटावर प्रगतीची मूर्ती, उजव्या हातात मशाल, डाव्या हातात आऱ्यांचं चाक. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ, इंग्लंड आणि हिंदुस्थान. घड्याळाखालचा रिकामा कोनाडा राणीच्या पुतळ्याचा, तो स्वातंत्र्यानंतर काढला. ह्या कोनाड्याबद्दल मी काही सांगण्याआधी कुणीतरी विचारतंच.

त्यानंतर भाषण करू नका. मी सगळ्यांना सबवेतून पलीकडे नेते आणि उपनगरी तिकीटघराच्या दारात सोडते. वर छतावर सोनेरी तारे आहेत, त्या दालनाला स्टार चेंबरच म्हणतात. घरी जायचं तिकीट तिथेच मिळतं. रांगेत उभे राहा, एवढंच सांगते, आणि बाजूच्या खांबाशी थांबते. खिडकीशी पोचेपर्यंत रांगेतली पंधरा डोकी वर गेलेली असतात, आणि त्यांच्या मागे उभा असलेला, आमच्या गटाशी काहीही संबंध नसलेला एखादा माणूसही वर बघू लागतो.