मॅच २१९, गोल शून्य: बेकी साउरब्रनला बघून डिफेंडरचा खेळ कसा शिकायचा

माझी भाची शाळेच्या फुटबॉल टीममध्ये खेळते आणि गेल्या वर्षी तिला फॉरवर्डवरून काढून स्टॉपरला, म्हणजे गोल अडवायला मागे, टाकलं, तर पोरगी घरी येऊन रडायला लागली, म्हणाली मामा ज्यांना गोल मारता येत नाही त्यांनाच मागे ठेवतात. तेव्हा तिला बेकी साउरब्रन दाखवली. अमेरिकेच्या बायकांच्या टीमची सेंटर बॅक, म्हणजे आपला स्टॉपरच, देशासाठी २१९ मॅच खेळली आणि एकही गोल मारला नाही. दोन वर्ल्डकप आणि एक ऑलिम्पिक गोल्ड घरी घेऊन गेली. भाचीचं रडणं थांबलं पण लगेच पुढचा प्रश्न आला, मग ती करते काय? मॅच बघितली तरी ते कळत नाही, कारण डिफेंडर कसा बघायचा हे आपल्याला कोणी शिकवलेलंच नसतं. आम्ही दोघांनी बसून जे जमवलं ते इथे लिहितोय, ज्यांची पोरं मागे खेळतात त्यांनी नक्की करून बघा.

सगळ्यात आधी हायलाइट्स बंद करा. पाच मिनिटांच्या व्हिडिओत गोल असतात, आणि चांगल्या डिफेंडरचं काम म्हणजे जे झालंच नाही ते, ते हायलाइट्समध्ये येणार कुठून. पूर्ण मॅच लागते. सुरुवातीला ९० मिनिटं नका बघू, १५ मिनिटं घ्या आणि त्या १५ मिनिटांत बॉल कुठेही जाऊदे तुम्ही फक्त ४ नंबरच्या जर्सीकडे, म्हणजे साउरब्रनकडे बघायचं. पहिली दोन-तीन मिनिटं डोळे ऐकत नाहीत, आपोआप बॉलमागे पळतात, ते चालेल, परत आणायचे. एक अडचण अशी की टीव्हीचा कॅमेरा बॉलबरोबर फिरतो त्यामुळे टीम अटॅकला गेली की सेंटर बॅक स्क्रीनवरून गायब होते. त्यासाठी गोलकिक, फ्री किक, थ्रो इन असे थांबलेले क्षण पकडा, तेव्हा डिफेंडरची सगळी लाइन एका फ्रेममध्ये सापडते आणि ती हाताने कोणाला कुठे सरकवतेय ते दिसतं.

आता काय बघायचं. समोरची टीम पास द्यायच्या आधी तिची मान बघा. ती खांद्यावरून मागे बघते, परत बॉल, परत मागे. बॉल दुसऱ्याच्या पायात असतानाच आपल्या मागून कोण पळणार आहे याचा हिशोब चालू असतो. भाचीला मी मोजायला लावलं, एका मिनिटात किती वेळा मान वळली, आणि मग तिच्या स्वतःच्या मॅचचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ लावला. तिची मान वळलीच नव्हती. मी एक शब्द बोललो नाही, तिचं तिलाच कळलं.

दुसरं म्हणजे अंतर. आपल्याकडे स्टॉपर म्हटलं की घुसायचं, पाडायचं, बॉल लांब मारायचा. साउरब्रन बरेचदा टॅकलच करत नाही, समोरच्या प्लेयरपासून एक-दोन पावलं लांब, अंग थोडं तिरकं, गुडघे वाकलेले, आणि तशीच मागे मागे सरकत राहते. याला जॉकी करणं म्हणतात. समोरचीला वेळ लागला की आपल्या बाकीच्या पोरी मागे येऊन पोचतात, आणि बॉल पायापासून जरा लांब गेला की तेव्हा पाय घालायचा. तिला वेगाची राणी कधीच कोणी म्हटलं नाही, तिचं नाव झालं ते खेळ वाचण्यावर. म्हणूनच शिकायला बरी, कारण वेग उसना आणता येत नाही पण अंतर शिकता येतं.

हे ग्राउंडवर करायला काही लागत नाही. चपलांच्या दोन जोड्या ठेवून साधारण १० पावलांची गल्ली करायची, एक जण बॉल घेऊन येणार, दुसऱ्याने हात पाठीमागे धरून फक्त अडवायचं, पाय घालायचा नाही. पहिल्या दिवशी नुसतं एवढंच. पाय घालायची मुभा दुसऱ्या आठवड्यात. भाचीला हे भयंकर बोअर झालं, पण चौथ्या दिवशी तिने समोरच्या मुलीला कडेला ढकलत ढकलत गल्लीच्या बाहेर काढलं, बॉलला हात नाही पाय नाही, आणि माझ्याकडे बघून अशी हसली की बास.

कुठली मॅच बघू असं विचाराल तर २०१५ चा वर्ल्डकप घ्या, कॅनडातला. साउरब्रन त्यात प्रत्येक मिनिट खेळली. शेजारी ज्युली जॉन्स्टन, कडेला क्लिंगेनबर्ग आणि क्रीगर, मागे गोलकीपर होप सोलो. पहिल्या मॅचला ऑस्ट्रेलियाने २७ व्या मिनिटाला गोल केला आणि त्यानंतर कोणालाच जमेना. स्वीडन, नायजेरिया, कोलंबिया, चीन, जर्मनी, सगळ्यांना शून्य. डायरेक्ट फायनलला जपानच्या ओगिमीने २७ व्या मिनिटाला गोल मारला. आता वही घ्या आणि मोजा, पहिल्या मॅचची उरलेली ६३ मिनिटं, मधल्या पाच मॅचची ४५०, फायनलची २७, झाली ५४०. डिफेंडरचा स्कोअर असा मांडायचा. अमेरिका फायनल ५-२ जिंकली आणि सगळ्यांना कार्ली लॉइडची हॅटट्रिक आठवते, आठवलीच पाहिजे, पण तिथपर्यंत गाडी कोणी आणली ते त्या ५४० मध्ये आहे.

पण नुसतं चांगलं दाखवू नका मुलांना, चूक पण दाखवा. २०१९, फ्रान्स, ल्यों, इंग्लंडविरुद्ध सेमीफायनल. अमेरिका २-१ पुढे आणि शेवटची दहाएक मिनिटं उरलेली. गोलसमोर बॉल येतो, इंग्लंडच्या एलन व्हाइटने नुसता पाय लावला तर गोल, मागून साउरब्रनचा पाय तिच्या पायाला लागतो आणि व्हाइटचा शॉट हुकतो. खेळ पुढे चालू राहतो, मग व्हीएआर, म्हणजे व्हिडिओवरून तपासणी, रेफ्री स्क्रीनजवळ जाऊन बघते आणि पेनल्टी. इथे पॉज करा. थोडं मागे घ्या आणि या वेळी बॉल सोडून व्हाइट कुठून पळत आली ते बघा, मुलांना विचारा तू असतीस तर कुठे उभी राहिली असतीस. उत्तर तुम्ही देऊ नका. मग पुढे लावा. इंग्लंडच्या स्टेफ हाउटनची पेनल्टी अमेरिकेची गोलकीपर अलिसा नेहरने अडवली. आता बॉल नको, परत साउरब्रनकडेच नजर ठेवा, पुढची मिनिटं ती कशी खेळते ते बघा, कारण आपली पोरं एक चूक झाली की उरलेली मॅच मान खाली घालून खेळतात. अमेरिका २-१ नेच जिंकली आणि फायनलला नेदरलँड्सला २-० हरवून कप घेतला, म्हणजे त्या मॅचलाही मागे शून्य.

करिअर सांगताना मात्र कप वगैरे शेवटी ठेवा, आधी थांबणं सांगा. पोरगी सेंट लुईसची, जन्म १९८५, युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाकडून कॉलेज खेळली. देशाकडून पहिली मॅच २००८ मध्ये, कॅनडाविरुद्ध. म्हणजे आता लगेच टीममध्ये पक्की असं वाटेल ना, तर नाही. २०११ च्या वर्ल्डकपला ती बेंचवर होती, क्वार्टर फायनलला ब्राझीलविरुद्ध रेचल ब्यूलरला रेड कार्ड मिळालं म्हणून फ्रान्सविरुद्धच्या सेमीला हिला उभं केलं, अमेरिका ३-१ जिंकली, आणि फायनलला ब्यूलर परत आली तर ही परत बेंचवर. एका मॅचसाठी पूर्ण स्पर्धाभर तयार राहायचं, हे मला तिच्या सगळ्या मेडल्सपेक्षा मोठं वाटतं आणि टीममध्ये नाव न आलेल्या प्रत्येक मुलीला मी हेच सांगतो. त्यात ज्या लीगमध्ये खेळायची ती लीगच २०१२ मध्ये बंद पडली. २०१३ ला अमेरिकेत बायकांची नवीन लीग आली, एनडब्ल्यूएसएल, तिथे कॅन्सस सिटीकडून २०१४ आणि २०१५ ला चॅम्पियन, नंतर तो क्लबही बंद झाला मग युटा, मग पोर्टलंड आणि तिथे २०२२ ला परत चॅम्पियन. लीगची बेस्ट डिफेंडर चार वेळा, २०१३, १४, १५ आणि मग थेट २०१९ ला, वयाच्या चौतिशीत.

एक गोष्ट मैदानाबाहेरची पण सांगाच. २०१६ मध्ये बायकांना पुरुषांइतके पैसे मिळावेत म्हणून ज्या पाच जणींनी अधिकृत तक्रार केली त्यात ही होती, पुढे प्लेयर्सच्या युनियनची अध्यक्ष झाली आणि २०२२ मध्ये समान पैशांचा करार झाला तेव्हा ती त्या खुर्चीवर होती. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, म्हणजे तिथे पण मागे उभी राहून सगळ्यांना सांभाळत होती. मी हे शिकवलं नव्हतं.

२०२३ चा वर्ल्डकप पायाच्या दुखापतीने हुकला आणि २०२४ च्या शेवटी तिने रिटायरमेंट सांगितली, त्यामुळे लाइव्ह आता नाही बघता येणार, जुन्या मॅचच बघायच्या. २०१५ ची जर्मनीविरुद्धची सेमी आधी लावा, फायनल नंतर, कारण सेमीला हाफटाइमपर्यंत ०-० आहे आणि गोलच नसले की डोळे इकडे तिकडे पळत नाहीत. जवळ वही-पेन ठेवा, तीन रकाने पाडा, मान किती वेळा वळली, टॅकल न करता किती वेळा अडवलं, आणि हात करून किती जणींना जागेवर आणलं. पोरांच्या हातात पेन द्या आणि तुम्ही रिमोट घ्या.