स्कोप एक, रायफली तीन : हंगामाआधीची तयारी

पेनसिल्व्हेनियात हरणांचा रायफलीचा हंगाम २०१९ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की हाताशी मोजकेच वीकएंड उरतात आणि रेंजवरची (नेमबाजीच्या मैदानावरची) सगळी कामं त्यातच बसवायची असतात. घरात रायफली दोन-तीन आणि चांगला स्कोप (नेम धरायची दुर्बीण) एकच, असं असेल तर ही कामं वाढतात. चांगला स्कोप रायफलीइतका महाग पडतो, कधी तिच्याहून जास्त, त्यामुळे एकच घेऊन तो फिरवायचा हा विचार काही वाईट नाही. मात्र तो फिरवायचा तर वही ठेवावी लागते, आणि ज्यांना वहीचा कंटाळा आहे त्यांनी पुढचं न वाचता दुसरा स्कोप घ्यावा.

सगळ्यात आधी कागदपत्रं. एच-१बी, एफ-१, एल-१ अशा व्हिसांवर असलेल्यांना अमेरिकेच्या फेडरल कायद्याच्या कलम ९२२ प्रमाणे बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला एरवी मनाईच आहे. एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना ही त्यातली एक सूट. ग्रीन कार्डवाल्यांना हा अडसर नाही. मित्राची रायफल रेंजवर ‘जरा बघू’ म्हणून हातात घेणंही यात येऊ शकतं, तेव्हा कुणाला सोबत नेणार असाल तर त्याचा व्हिसा विचारायला संकोच करू नका. शंका असली तर वकील गाठा.

मग रायफली रिकाम्या करून, बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि या वाटपातून कुणाला वगळायचं ते ठरवा. स्प्रिंगची एअर रायफल असेल तर तिला आधी बाजूला काढा. तिचा झटका आधी मागे बसतो आणि पिस्टन आपटला की पुढे. एअर रायफलवर चालेल असं ज्याच्यावर लिहिलेलं नाही, तो भारी स्कोपसुद्धा तिच्यावर आतून खिळखिळा होतो. एआर-१५ (आपोआप काडतूस भरणारी, सैनिकी घडणीची रायफल) आणि बोल्टची रायफल ही जोडीही जमत नाही. एआरचा दस्ता नळीच्या सरळ रेषेत येतो, म्हणून तिला रेलपासून (स्कोप बसवायच्या खाचांच्या पट्टीपासून) साधारण दीड इंच उंचीचा माउंट, म्हणजे स्कोपची बैठक, लागतो. तोच बोल्टच्या रायफलीवर चढवला की गाल दस्त्याला टेकत नाही, मान ताणून बघावं लागतं आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो. उरतात त्या एकसारख्या घडणीच्या रायफली. समजा काडतुसाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या तीन : एक ३०८, एक २२३ आणि सरावाची पॉइंट टू-टू. (एनसीसीत हीच पॉइंट टू-टू उघड्या नेमावर चालवलेली मंडळी तिच्यावरच्या स्कोपला हसतील. हसू द्या.)

स्कोपही या कामाचा आहे का ते तपासा. रिमफायरसाठीच्या (पॉइंट टू-टूसारख्या हलक्या काडतुसाच्या) स्कोपचा पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम निशाणावरून सरकल्यासारखा दिसतो तो दोष) बहुधा ५० यार्डांवर मिटेल असा बांधलेला असतो, मोठ्या रायफलींसाठीच्यांचा १०० किंवा १५० वर. पॅरलॅक्स फिरवायचं बटण असेल तर हा प्रश्न मिटतो. रेटिकलमधल्या (स्कोपच्या आत दिसणाऱ्या रेघांमधल्या) खुणा एकाच काडतुसाच्या हिशेबानं आखलेल्या असतील तर दुसऱ्या रायफलीवर त्या नुसत्या रेघा. साधं एमओए किंवा मिलचं (ही दोन्ही कोनाची मापं) रेटिकल कुठल्याही रायफलीवर उपयोगी पडतं.

आता रेल, आणि इथे घाई नको. सगळ्या रायफलींवर एकाच जातीची रेल हवी आणि ती पिकाटिनीच हवी. हे नाव न्यू जर्सीतल्या लष्कराच्या पिकाटिनी आर्सेनलचं. आपली इतकी मंडळी राहतात ती पार्सिपनी त्याच मॉरिस काउंटीत. १९९५ साली मिल-स्टँडर्ड-१९१३ म्हणून तिची मापं ठरली : खाच ०.२०६ इंच रुंद, आणि एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत ०.३९४ इंच. जुन्या वीव्हर बेसची खाच ०.१८० इंच, आणि खाचांमधलं अंतर ठरलेलं नाही. वीव्हरचा माउंट पिकाटिनीवर बसतो, पण खाचेत हलतो. पिकाटिनी माउंटचा आडवा दांडा वीव्हरच्या खाचेत उतरतच नाही. पॉइंट टू-टूवर बरेचदा ११ मिलिमीटरची डोव्हटेल (तिरक्या कडांची खोबण) असते. तिथे अडॅप्टर लावण्यापेक्षा, रिसीव्हरला (रायफलीच्या मधल्या धडाला) स्क्रूची भोकं असतील तर अख्खी रेल बसवून टाका आणि फक्त त्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले पडू न देणारा गोंद) लावा.

रेल सपाट आहे की उताराची, तेही बघा. लांब पल्ल्यासाठी २० एमओए उताराच्या रेली मिळतात. एका रायफलीला तशी आणि दुसरीला सपाट असेल तर फरक पाव-एमओएच्या ८० क्लिकचा (क्लिक म्हणजे नेम हलवणाऱ्या चकतीचा, टरेटचा, एक टप्पा). दर अदलाबदलीला ८० क्लिक मोजणं हा एक त्रास. दुसरा असा, की स्कोपचा वर-खालचा प्रवास एकूण ५० एमओए असेल तर मध्यापासून एका बाजूला २५ च असतो आणि त्यातले २० इथेच संपतात. सगळ्या रेली सपाट घ्या.

माउंट घेताना काटकसर करू नका. दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध क्विक-डिटॅच (चटकन निघणारा) माउंट घ्या. स्कोप त्यात एकदाच बसवायचा, आणि त्यानंतर रिंगांना हात लावायचा नाही. रायफलीवरून उतरेल तो अख्खा माउंट. रिंग उघडली की आधीचे सगळे आकडे वहीतून खोडा. रिंगांच्या ॲल्युमिनियमच्या टोप्यांना साधारण १५ ते १८ इंच-पाउंडांची आवळणी पुरते. रेलवर आवळायच्या मोठ्या नटांना काही कंपन्या ६५ सांगतात, पण आपल्या माउंटच्या कागदावर असेल तोच आकडा पाळा. त्यासाठी इंच-पाउंडाचा टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानंच आवळणारा) हवा. हाताच्या अंदाजानं आवळणारा माणूस रोज वेगळा आवळतो.

जागा ठरवण्याचं काम घरीच करा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं तर खाच बरोबर. हे स्कोप सर्वांत मोठं दाखवेल अशा ठेवणीवर करा, कारण तिथे डोळ्याला मोकळीक सर्वांत कमी असते. डोळ्यापासून साडेतीन-चार इंच अंतर हवंच. ते कमी पडलं आणि काडतूस जोरकस असलं की भुवईवर चंद्रकोर उमटते, आणि ती टाक्यांची असते. तिन्ही दस्ते वेगळ्या लांबीचे, त्यामुळे खाचही वेगळी येईल. ती सापडली की तिच्या कडेला पेंट-मार्करनं ठिपका द्या. माउंट बसवताना तो खाचेत पुढे, नळीच्या तोंडाकडे ढकलून मगच आवळा. झटक्यात रायफल मागे येते आणि स्कोप जागीच राहू पाहतो, म्हणून दांडा आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेला बरा. शेवटी अंगणात ओळंबा टांगा आणि प्रत्येक रायफल सरळ धरून रेटिकलची उभी रेघ त्या दोरीशी जुळते का ते पाहा. एखादीची जुळत नसेल तर दोष तिच्या रेलच्या बसणीत आहे. स्कोप फिरवू नका.

रेंजवर जाताना कागद, वही, टॉर्क पाना आणि प्रत्येक रायफलीसाठी एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) काडतुसं एवढं घ्या. एक रायफल ‘घरची’ ठरवा, शक्यतो शिकारीची. इथे ती ३०८. तिला १०० यार्डांवर झिरो करा, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी आणा, आणि टरेटवरचा आकडा तिथेच शून्यावर आणा. टरेटच्या या टोप्या ढिल्या करून पुन्हा कधी सरकवायच्या नाहीत, फिरवायचे ते फक्त क्लिक. मग स्कोप २२३ वर चढवा, बोल्ट काढून नळीतून निशाणाचा मध्य धरा, २५ यार्डांवर एक-दोन गोळ्या मारून कागदावर या आणि मग १०० वर जा. १०० यार्डांवर एक एमओए म्हणजे १.०४७ इंच, म्हणजे पाव-एमओएचे चार क्लिक. झिरो जमला की टरेटवर दिसेल ते वहीत : ‘२२३, खाच ४, वर ७ क्लिक, डावीकडे ३’. पॉइंट टू-टू ५० यार्डांवर, तिथे तोच क्लिक इंचाचा आठवा भाग हलवतो.

हे लिहून झालं तरी घरी निघू नका. टरेट शून्यावर आणून स्कोप पुन्हा ३०८ वर चढवा आणि तीन गोळ्या मारा. आधीच्या झिरोपासून एक इंचाच्या आत पडल्या तर माउंट भरवशाचा. दोन-तीन इंच सरकल्या तर वहीतला कुठलाच आकडा धरू नका. आवळणी, खाच, रेलचे स्क्रू, या क्रमानं शोध घ्या. आणि एक शिस्त : उतरवायच्या आधी टरेट शून्यावर, मगच पुढची रायफल. २२३ वरून थेट पॉइंट टू-टूचा आकडा लावायला गेलात की वजाबाकीत गडबड होते. स्कोपला झिरो-स्टॉप (टरेट शून्याच्या खाली जाऊ न देणारा अडथळा) असेल तर तो ढिला ठेवा, नाहीतर ज्या रायफलीचा झिरो ३०८ च्या खाली येतो तिथे टरेट फिरणारच नाही. टरेट पूर्ण एक फेरी चुकल्याची शंका आली तर खालच्या टोकापासून मोजता यावं म्हणून तिथून शून्यापर्यंतचे एकूण क्लिकही वहीत असू द्या. टोकाला मात्र हलक्या हातानं जा.

खर्चाचंही बघा. ३०८ ची एक गोळी डॉलरच्या वरच जाते, आणि प्रत्येक अदलाबदलीनंतर निदान तीन तरी माराव्या लागतात. माउंट आणि पान्याचे पैसे त्यात धरा. महिन्यातून एकदा फिरवणाऱ्याला हे परवडतं, दर शनिवारी फिरवणाऱ्याला नाही. माझं मत विचाराल तर पॉइंट टू-टूला एक साधा स्वस्त स्कोप कायमचा देऊन टाका. सगळ्यात जास्त चालते ती तीच, आणि तिच्यापायीच स्कोप सारखा उतरतो. वाटणी ३०८ आणि २२३ मध्येच ठेवा.

हंगामाआधीचा शेवटचा झिरो ३०८ वर झाला की हंगाम संपेपर्यंत स्कोप तिथून हलवायचा नाही, मग कुणी कितीही आग्रह करो. झाडीत काय हललं ते बघायला साधी दुर्बीण गळ्यात ठेवा, रायफलीचा स्कोप त्यासाठी नाही. अंगावरच्या चमकदार भगव्या (फ्लुओरेसंट ऑरेंज) कपड्यांचं नियमातलं २५० चौरस इंचांचं माप डोकं, छाती आणि पाठ मिळून भरतं का ते आदल्या रात्रीच बघा. गाडीत रायफल रिकामीच. कपाटात राहिलेल्या २२३ च्या उघड्या रेलवर तेलाचा पातळ हात द्या आणि चापाच्या कडीला चिठ्ठी बांधा : ‘स्कोप नाही, खाच ४, रेल पुसून मगच बसवणे’.