उन्हाळी कोथिंबीर: पेरणीआधीच अर्धे काम

एप्रिल-मेमध्ये कोथिंबिरीला भाव असतो, कारण पारा 36 अंशांच्या वर गेला की तिची वाढ खुंटते आणि बाजारात माल कमी येतो. या दिवसांत पीक बहुतेक वेळा उगवणीतच फसते. म्हणून बियाण्यापासून सुरुवात करा.

धना हे फळ आहे. त्यात दोन बिया असतात. अख्खा पेरला तर उगवण उशिरा आणि विरळ होते. फरशीवर धने पसरून चपलेच्या तळव्याने हलके रगडा. दोन डाळ्या सुट्या झाल्या की थांबा. कुटले तर अंकुर मोडतो. मग 12 तास पाण्यात भिजवून, सावलीत सुकवून, किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, पावडरीच्या रूपात मिळते) चोळा. मर रोगाला इथेच आळा बसतो. गुंठ्याला किलोभर बी लागते.

जमिनीत गुंठ्याला दीडशे किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळा. सपाट वाफे आधी भिजवा आणि वाफसा आल्यावर (माती ओलसर, पण चिखल नाही) 15 सेंटीमीटरवर ओळी धरून दीड-दोन सेंटीमीटर खोल पेरा. कोरड्यात पेरून वरून पाणी सोडू नका. बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते, शिवाय मातीवर कडक पापडी धरते आणि कोंब आतच वळतो. उगवेपर्यंत वर गवताचा पातळ थर ठेवा, कोंब दिसताच संध्याकाळी काढा. शेडनेट असेल तर उत्तमच.

पाणी तीन-चार दिवसांनी, हलके. ताण बसला की रोप कोवळेपणीच फुलोरा धरते आणि अशा जुडीला कुणी विचारत नाही. विसाव्या दिवशी खुरपून गुंठ्याला पाऊण किलो युरिया द्या, लगेच पाणी द्या. सगळे रान एकदम पेरू नका. आठ-आठ दिवसांच्या अंतराने टप्पे करा.

साधारण 35 ते 45 दिवसांत, वीतभर उंचीवर, फुले येण्याआधी भल्या पहाटे उपटा. ढीग करून ठेवलात तर आतून गरम होऊन पाने पिवळी पडतात. जुड्या ओल्या गोणपाटावर उभ्या ठेवा.

भाव पडला तर घरी वड्या करा. दोन वाट्या चिरलेल्या कोथिंबिरीला वाटीभर बेसन, दोन चमचे तांदळाचे पीठ. कोथिंबीर धुऊन पंचावर पूर्ण कोरडी करा, नाहीतर पीठ सैल होऊन वडी कापताना तुटते. वीस मिनिटे वाफवा, गार झाल्यावरच कापा. देठ टाकू नका, वाटणाला तेच खरी चव देतात. औषध लावलेले उरलेले धने मात्र स्वयंपाकघरात अजिबात नेऊ नका.