सातारा-सांगलीच्या गाद्या एका फलकावर: वाचनालयासाठी तक्ता कसा करावा

लंडनच्या गादीवर पुढे कोण, हे विचारा. विल्यम, मग जॉर्ज, मग शार्लट अशी उत्तरं साताऱ्यातही पटापट येतील. शार्लट धाकट्या भावाच्या आधी का, हेही सांगणारे भेटतात. पण थोरल्या शाहूंनंतर साताऱ्याच्या गादीवर कोण बसलं म्हटलं, की शांतता. शिवछत्रपती सगळ्यांना तोंडपाठ आहेत. १७४९ ते १८४८ ही शंभर वर्षं मात्र कोरी. याला नुसती अनास्था म्हणू नये. तिकडचा वंशवृक्ष प्रत्येक लग्नाला नि बारशाला छापून येतो, आपला कुणी भिंतीवर लावतच नाही. म्हणून वाचनालयात किंवा शाळेत लावता येईल असा एक फलक करायचा, आणि त्यात लंडनलाच आमिष म्हणून वापरायचं.

फलक सहा बाय चार फूट, आडवा. १७०० ते १९५० ही अडीचशे वर्षं दर दहा वर्षांना ६ सेंटिमीटर या मापाने दीड मीटरमध्ये बसतात आणि दोन्ही बाजूंना समास उरतो. एकाखाली एक चार पट्ट्या आखा: लंडन, सातारा, सांगली, औंध. लंडनची पट्टी सर्वात वर. लोक तीच आधी वाचणार आणि मग नजर खाली येणार.

साताऱ्याच्या पट्टीत पाच नावं: शाहू १७०८–४९, रामराजे १७४९–७७, दुसरे शाहू १७७७–१८०८, प्रतापसिंह १८०८–३९ आणि शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८३९–४८. प्रत्येक कारकीर्द मापानेच भरा. लंडनच्या पट्टीतला आठवा एडवर्ड वर्षभरही टिकला नाही, त्याच्या वाट्याला अर्धा सेंटिमीटर येतो. नाव बाहेर लिहून रेघेने जोडा. जागेसाठी पट्टी ताणली, की तक्त्याचा अर्थच गेला.

आता वरपासून खालपर्यंत दोन उभ्या रेघा मारा, १८३९ आणि १८४८ ला. फलकाचा जीव इथे आहे. काकाला वारस नव्हता म्हणून पुतणी व्हिक्टोरिया १८३७ मध्ये राणी झाली. दोनच वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं, आणि त्यांची बाजू मांडायला त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षं झगडत राहिले. १८४८ मध्ये शहाजी वारले, तेव्हा कंपनीने दत्तक नाकारून राज्य खालसा केलं. एवढा मजकूर रेघांशेजारी तीन ओळींत बसवा, जास्त नको.

सांगलीची पट्टी १८०१ पासून, चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेपासून वेगळे झाले तिथून. इथे हमखास चूक होते: १९०३ ते १९४८ चे संस्थानिकही चिंतामणराव आप्पासाहेबच. पहिले, दुसरे असं लिहा. मधे धुंडिराज तात्यासाहेब. त्यांच्यानंतर १९०१ ते १९०३ गादी रिकामी होती, तेवढी पट्टीही रिकामीच ठेवा. साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू यांचीही गल्लत होते. दोन्ही गाद्या वेगळ्या असल्याचं १७३१ च्या वारणेच्या तहाने पक्कं झालं, ही तळटीप हवीच.

औंधला वेळ द्या. १९३६ मध्ये गादी सोडणारा आठवा एडवर्ड साऱ्यांना आठवतो. गादीवर राहून १९३९ मध्ये कारभार रयतेच्या हाती देणारे भवानराव पंतप्रतिनिधी कितीजणांना? १९३६ आणि १९३९ या खुणा एकाच रंगात करा, नजर आपोआप जुळवते.

खाली उरलेल्या जागेत आजच्या सांगली जिल्ह्याचा नकाशा. आपलं गाव कुणाकडे होतं, हे अंतरावरून ठरवू नका. सांगली, मिरज आणि बुधगाव इतकी जवळ असूनही तीन वेगळ्या संस्थानांची ठिकाणं होती. बुधगाव धाकट्या मिरजेचं, म्हणजे मिरज घराण्याच्या धाकट्या पातीचं. आटपाडी, कुंडल औंधकडे, जत डफळ्यांकडे. गावनिहाय खात्री जुन्या गॅझेटिअरवरून आणि महसुली दप्तरातल्या इनामाच्या नोंदींवरून करा. मोडी वाचणारा माणूस सोबत हवा.

जुन्या कागदांवरच्या तारखा इथेच फसवतात. शक सनात ७८ मिळवा, पण जानेवारी ते चैत्र पाडव्यापर्यंत ७९. शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना, अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि जूनच्या सुरुवातीला, मृगाला बदलतो: मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, पुढे ६०० मिळवा. ताळा पाहायला पानिपत बरं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. लढाई जानेवारीतली, म्हणून ६०० मिळवून १७६१. फसली, म्हणजे महसुली सन शुहूरपेक्षा नऊने पुढे असतो. दोहोंत गफलत झाली, तर राजाच्या निधनानंतर त्याच्या नावाचं पत्र निघतं.

छपाईला देताना अंगचा मजकूर किमान अर्धा इंच उंचीचा ठेवा, मथळा दोन इंच. राजांची चित्रं व्हॉट्सॲपवरून आलेली घेऊ नका, मोठी केली की चेहरे विरघळतात. संग्रहालयाची किंवा घराण्याची लेखी परवानगी काढून नव्याने फोटो घ्या. फ्लेक्सवाल्याकडे फॉन्ट बदलला, की ‘साताऱ्याच्या’मधला ऱ्य तुटतो. म्हणून अक्षरांची रेखाकृती (आउटलाइन) करून पीडीएफ द्या, आणि ए-फोर कागदावर नमुना काढून आकडे एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ टिपणाशी ताडायचे.